कर्सर कुणाचा?

स्क्रीनवर फिरणारा तो इवलासा बाण नेमका कुणाच्या मालकीचा? प्रोग्राम लिहिणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? प्रश्न फुटकळ वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही. (नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, कोडची एक ओळही लिहिणार नाहीये!)

तर, स्क्रीनवर चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामिंग लायब्रऱ्यांमध्ये कर्सरचे चार गुणधर्म आपल्या हातात असतात. त्याचं रूप बदलता येतं, त्याला लपवता येतं, उचलून दुसरीकडे ठेवता येतं, आणि त्याचा 'हॉटस्पॉट', म्हणजे क्लिक नेमकं कुठल्या ठिपक्यावर लागणार, तेही ठरवता येतं. आपल्याकडे कॉलेजात टर्बो सी शिकलेल्यांना ३३एच हा इंटरप्ट आठवत असेल. त्याच्या ९ नंबरच्या फंक्शनला १६ बाय १६ ठिपक्यांचे दोन साचे द्यायचे, एक मागचं चित्र खोडायला आणि दुसरा कर्सर उमटवायला. मग बाणाचा हात करा नाहीतर बदाम करा. डॉसमध्ये अख्खा स्क्रीन आपल्याच प्रोग्रामचा असायचा. स्वतःच्या घरात कुठल्याही रंगाचे पडदे लावावेत, कोण विचारतो?

पण ते दिवस गेले. आता एका स्क्रीनवर दहा प्रोग्राम नांदतात आणि त्या सगळ्यांत मिळून कर्सर एकच. तो वापरणाऱ्याचा हात आहे, आणि आपला प्रोग्राम तिथे पाहुणा. पाहुण्याने यजमानाचा हात धरून फिरवायचा नसतो.

माझ्या आत्याची नजर अधू आहे. विंडोज १० मध्ये २०१९ पासून कर्सर मोठा आणि हव्या त्या रंगाचा करता येतो, तसा तिने ठसठशीत पिवळा करून घेतलाय. पण एक प्रोग्राम असा आहे की तो उघडला की तिचा पिवळा बाण गायब, आणि जागी कुणा हौशी माणसाने काढलेलं राखाडी टिंब! "अरे, माझा बाण कुठे गेला?" हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्या प्रोग्रामरचाच राग येतो.

कारण पर्याय नव्हता असं मुळीच नाही. जीएलएफडब्ल्यू घ्या. त्यात कर्सर दोन प्रकारे मिळतो. एक, आपण चित्र द्यायचं. ते दिलेल्या ठिपक्यांएवढंच राहणार, समोरच्याची नजर कशीही असो. दुसरा, सिस्टिमकडे तयार आकार मागायचा: बाण, हात, अधिक-चिन्ह. मग सिस्टिम आपल्याजवळच्या संचातला देते. एसडीएल २ मध्येही हीच सोय आहे. जुन्या ग्लूटमध्ये तर बाहेरच्या विंडोचा कर्सर तसाच चालू ठेवायचा पर्याय होता. एका ओळीचं काम!

कर्सर उचलून ठेवण्याबद्दल तर बोलायलाच नको. एक्स विंडोचं जुनं मॅन्युअलसुद्धा सांगतं की याची गरज क्वचितच पडते, पॉइंटर वापरणाऱ्याच्याच हाती राहू द्यावा. लिनक्सवरचं नवं वेलँड त्याहून कडक आहे. तिथे साधा दिसता कर्सर जीएलएफडब्ल्यूला हलवताच येत नाही.

यावर "गेमचं काय?" हा प्रश्न येणारच. मान्य. मान वळवून चारी दिशांना बघायच्या गेममध्ये कर्सर लपवून विंडोत अडकवावाच लागतो, आणि त्यासाठी वेगळा मोड आहे. पण एस्केप दाबल्यावर, मेनू उघडल्यावर किंवा दुसऱ्या विंडोत गेल्यावर तो मुकाट परत करा. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, एवढं तर आपल्याला घरी शिकवलेलं असतं ना?

"पण आमचा कर्सर छान दिसतो हो!" दिसत असेल. चष्म्याची फ्रेमही छान असते, म्हणून कुणी दुसऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून आपला चढवत नाही.

असो. पुढच्या वेळी कर्सर बदलणारी ओळ लिहाल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा, हे काम वापरणाऱ्याला मदत म्हणून चाललंय की माझी हौस म्हणून? हौस असेल तर ती ओळ खोडा.