क्लच, मी आणि एजंट

व्हायवाला मी बोलून बोलून निभावते. पण ड्रायव्हिंग टेस्टला तोंड कामाला येत नाही! इन्स्पेक्टर शेजारी बसले, माझा डावा पाय थरथरायला लागला, क्लच पटकन सुटला आणि गाडी बंद. दोनदा. रांगेतली पोरं हसली. नापास.

काका म्हणाले, "कशाला त्रास करून घेतेस? एजंट बघू." मला हे पटलं नाही. उद्या मांजरसुंब्याच्या घाटात समोर उसाचा ट्रॅक्टर थांबला, तर चढावर गाडी मलाच काढायची ना? तिथे एजंट येणारे का?

मग मोटार वाहन कायदा, १९८८ काढून वाचला (कॉन्व्हेंटचं इंग्लिश इथे उपयोगी पडलं!). नापास झालं तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालं तरच ६० दिवस थांबायचं. आपल्या एटीकेटीपेक्षा कितीतरी दयाळू! निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेली निम्मी वाचून जाणारी नव्हती. सध्या रोज सकाळी मोकळ्या मैदानात फक्त क्लच. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता हळूहळू सोडायचा, गाडी सरकायला लागते ती जागा पायाला ओळखीची होईपर्यंत. शेजारी मुद्दाम आईला बसवते, कारण कुणी बघत असलं की माझा पाय थरथरतो. "अगं, कुत्रं! कुत्रं!" असं ती ओरडते तेव्हा तर इन्स्पेक्टर परवडले.

मंगळवारी दुसरी टेस्ट आहे. पाय थरथरेलच. काकांनी एजंटचा नंबर अजून फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.