चाकांवरचं घर आणि पोळपाट-लाटणं

मैत्रिणींनो, इचलकरंजीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. सप्टेंबरात ही नवरा-बायको त्याच्याकडे जाणार आहेत, आणि मुलाने सुचवलंय की, "तुम्ही दोघंच घरगाडी भाड्याने घ्या आणि आठ-दहा दिवस निवांत फिरून या." बाईंनी तीन प्रश्न विचारलेत : गाडीत स्वयंपाक करता येतो का, कूकर न्यावा का आणि पोळपाट-लाटणं न्यावं का. तिन्ही प्रश्न स्वयंपाकाचेच! वाचून मला हसू आलं आणि जरासं वाईटही वाटलं. कारण २०१९ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं अशाच गाडीतून निघालो, तेव्हा माझ्याही मनात हेच तीन प्रश्न होते.

आमच्या लग्नाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघांनीच केलेले प्रवास किती? एकही नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हाही नणंद आणि तिची दोन मुलं बरोबर होती! पुढे हे नोकरीसाठी आठ वर्षं मस्कतला. मी आणि मुलं इथे, सासूबाईंजवळ. त्या मस्कतचा एक फायदा मात्र झाला. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची ह्यांना सवय होती, म्हणून लेकीने बिनघोर लास व्हेगासहून गाडी ठरवून दिली.

तिकडे अशा गाडीला आर. व्ही. म्हणतात. आमची पंचवीस फुटी होती. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, न्हाणीघर, संडास, सगळं. पण चालत्या गाडीत पोळ्या लाटता येतील असं कुणी समजत असाल तर ते डोक्यातून काढा. गाडी सुटली की पट्टा लावून बसायचं. निघण्याआधी प्रत्येक कपाटाची कडी बघायची. मी एक विसरले, तर पहिल्याच वळणावर मिसळणाचा डबा खाली आला. हळद शेवटपर्यंत फटींतून निघत होती.

गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरी-न्हाणीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. आपल्याला नळ सोडून भांडी विसळायची सवय, त्यामुळे पहिली रिकामी आणि दुसरी भरलेली असं बघता बघता होतं. भांडी आधी कागदाने पुसून घ्यावीत, मग थोड्या पाण्यात धुवावीत. टाक्या ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. हातमोजे घालून जाड नळी लावायची, आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळीही धुऊन निघते. हे काम ह्यांचं, असं मी गाडीत पाय ठेवतानाच सांगून टाकलं होतं. बाकीच्या कामांची वाटणी करायचं मात्र मला सुचलं नाही.

पहिला मुक्काम युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात, लास व्हेगासपासून सुमारे २६० किलोमीटरवर. युटात शिरलं की घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. व्हर्जिन नावाची नदी, दोन्ही बाजूंना लालभडक उभे कडे आणि पायथ्याशी गाड्यांचा तळ. प्रत्येक गाडीपुढे एक लाकडी टेबल. हे म्हणाले, "अगं चल, नदीकाठाने पाय मोकळे करून येऊ."

"तुम्ही व्हा पुढे. मी तोवर पोळ्या उरकते," मी म्हटलं. तोंडातून आपोआपच निघालं ते.

हे गेले. मी कणीक भिजवली, बटाट्याच्या भाजीला फोडणी टाकली आणि छतावरच्या धुराच्या घंटीने जो काही टाहो फोडला! शेजारच्या गाडीतले आजी-आजोबा धावत आले. आग नाही असं बघून ते हसत परत गेले, आणि डोंगराकडे तोंड करून आपापल्या खुर्च्यांत बसले. मांडीवर ताटली, ताटलीत ब्रेड आणि काहीतरी थंड. मला तर आधी त्यांची कीवच आली. बिचारे, गरम जेवण नाही!

दीड तासाने हे आले. चेहरा असा उजळलेला. "अगं काय सांगू! तो समोरचा डोंगर पेटल्यासारखा लाल झाला होता. तू असायला हवी होतीस."

मी ताट वाढलं आणि म्हटलं, "घर बरोबर आणलंत खरं. सुट्टी मात्र तुम्हा एकट्यालाच मिळाली."

हे काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर उठून स्वतःचं ताट धुतलं, तेही अर्धी टाकी पाणी ओतून! त्या रात्री एवढ्याशा गाडीत आम्ही एकमेकांकडे पाठ करून झोपलो. घरात रुसायला निदान दुसरी खोली असते.

सकाळी जाग आली तर बाहेरच्या टेबलावर चहा आणि ब्रेड मांडलेला. चहा पांचट होता, पण मी बोलले नाही. "नाक्यावर सायकली भाड्याने मिळतात," हे म्हणाले. "तू सांगलीला कॉलेजात सायकलने जायचीस ना?" ह्यांच्या हे लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या तळापासून नदीच्या कडेकडेने पारुस नावाची पाऊणेतीन किलोमीटरची डांबरी वाट जाते, सायकलवाल्यांना मुभा असलेली. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि बसले. पहिल्या पन्नास पावलांत एकदा झुडपात गेले. मग मात्र जमलं. पुलावरून वारा लागला तेव्हा मी मोठ्याने हसले म्हणे. हेच सांगतात, मला आठवत नाही.

तिथेच नदीकाठी बसून वाटणी ठरली. सकाळचा चहा-न्याहारी ह्यांची. दुपारी ब्रेड, फळं, दाण्याची चटणी. संध्याकाळी एकच गरम पदार्थ मी करायचा, तोही एका पातेल्यातला. भांडी ह्यांनी धुवायची. आणि चार ठिकाणी दोन-दोन रात्री राहायचं, वाटेत आणखी काही पाहण्याची हाव धरायची नाही. मुलीने नकाशावर टिकल्या लावून दिलेली पुष्कळ ठिकाणं आम्ही तशीच सोडली, आणि त्याचं आजही काही वाटत नाही.

पुढचा ब्राइस कॅनियन तिथून जेमतेम १३५ किलोमीटर. नारिंगी दगडांचे हजारो सुळके, जणू कुणी वाळूचे मनोरे करून ठेवलेत. कड्याच्या काठाने सनसेट आणि सनराइज या दोन जागांमध्ये सपाट वाट आहे, गुडघे कुरकुरणाऱ्या बायकांनीही बेधडक जावं. ही जागा २,४०० मीटरच्याही वर आहे, आणि कूकर मी लेकीकडेच ठेवून आले होते. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी शिजेना. शेवटी वरणाचा नाद सोडला आणि चटणी-ब्रेड खाऊन घोंगड्या गुंडाळून बाहेर बसलो. तिथला अंधार इतका गडद की आकाशगंगा स्पष्ट दिसते. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मस्कतला सुट्टीच्या रात्री गच्चीवर एकटेच असे बसायचे, आणि पत्रात लिहायला काही सुचायचं नाही म्हणून 'इकडे सर्व ठीक' एवढंच लिहायचे. ती पत्रं माझ्याकडे अजून आहेत. त्या एका वाक्याचा मला किती राग यायचा!

तिसरा मुक्काम पेजचा, ॲरिझोनात. तिथे कोलोरॅडो नदीवर धरण बांधून लेक पॉवेल हा प्रचंड जलाशय झाला आहे. ऊन फार. पोहायचं जाकीट घालून आम्ही दोघं एका छोट्या होडीत वल्ही मारायला बसलो आणि अर्धा तास एकाच जागी गोल फिरलो. दुसऱ्या दिवशी नुसते पाण्यात पाय सोडून बसलो.

तीच कोलोरॅडो पुढे ग्रँड कॅनियनमधून वाहते. ती दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे दीड किलोमीटर खोल. दक्षिण काठावरच्या तळावर वीज, पाणी, सांडपाणी सगळ्याची जोडणी मिळाली. गाडी लावून ठेवायची आणि उद्यानाच्या फुकट बसने फिरायचं. तिथल्या खारी माणसाळलेल्या दिसतात, पण चावतात. त्यांना खाऊ घालायला जाऊ नका. शेवटच्या संध्याकाळी मी खुर्चीत बसले होते, हे आत खिचडीचं पातेलं घासत होते, आणि दोन गाड्यांच्या मधून एल्क जातीची घोड्याएवढी हरणी सावकाश चालत आली. अशा वेळी निदान शंभर फूट लांब राहावं असा तिथला नियम. मी हळूच हाक मारली, "अहो, बाहेर या!" हे साबणाचे हात घेऊन दारात आले, ते तसेच उभे राहिले.

तर ताई, आता तुमचे प्रश्न. स्वयंपाक करता येतो. फोडणी मात्र बाहेरच्या टेबलावर करा, त्यासाठी एक सुटी छोटी शेगडी घ्या. कूकर न्याच, तीन लिटरचा पुरे. मोठ्या गाड्यांना काही रस्ते बंद असतात आणि हे नियम बदलत राहतात, झायनच्या बोगद्याचं तर मुलाला आधी नक्की विचारायला सांगा. उद्यानातल्या जागा कित्येक महिने आधी भरतात, तेव्हा त्यालाच आत्तापासून कामाला लावा.

राहिलं पोळपाट-लाटणं. मी नेलं होतं. पहिल्या संध्याकाळनंतर ते कपाटातून निघालं नाही. त्या जागेत दोन घडीच्या खुर्च्या बसतात. भाड्याच्या गाडीबरोबर त्या वेगळ्या मागाव्या लागतात, गाडी ठरवतानाच सांगून ठेवा.