विमानतळाची लोकल

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि त्याच महिन्यात उरण लोकल मार्गावरचे, विमानतळाजवळचे तरघर स्थानकही उघडले. हे भाग्य सगळ्या शहरांना लाभत नाही. बंगळूरचा नवा विमानतळ 2008 मध्ये सुरू झाला. सतरा वर्षे उलटली तरी मेट्रो तिथवर पोहोचली नव्हती. आपल्याकडे रूळ आधीच तयार होते. आता ते पुरेपूर वापरायला हवेत.

मुंबई आणि नवी मुंबईच्या विमानतळांना जोडणारी सुमारे 35 किलोमीटरची मेट्रो 8 आखली आहे. ती हवीच, पण तिला वर्षे लागतील. लोकल आज धावते आहे. अडचण एवढीच, की उरणच्या दोन गाड्यांमध्ये फार वेळ जातो. एक चुकली की बॅगवाला माणूस सरळ टॅक्सी शोधतो. तरघरला उतरल्यावरही टर्मिनलपर्यंत बस लागते. ती लोकलच्या वेळेला दारात उभी नसेल, तर स्थानक जवळ असून दूरच.

विमानाने जाणारा माणूस वर्षातून दोन-चारदा येईल. सामान चढवणारे, सफाई करणारे, सुरक्षेवर उभे राहणारे मात्र रोज येतील, तेही पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळीला. त्यांना टॅक्सी परवडत नाही. विमानतळाची गाडी खरी भरते ती त्यांच्यामुळे, म्हणून भाडेही परवडणारे हवे. दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस 2011 मध्ये महागड्या भाड्याने सुरू झाली आणि रिकामी धावली. 2013 मध्ये ती दिल्ली मेट्रोच्या हाती आली, पुढे भाडे उतरले आणि प्रवासी वाढले.

तरघर हे विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. ज्यांनी घरे आणि शेते दिली, त्यांच्या मुलांना तिथल्या नोकरीवर वेळेत पोहोचता यावे, ही फार मोठी मागणी नाही.

नेरूळ-उरण मार्गाच्या खर्चात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा वाटा 67 टक्के आहे. त्यामुळे रेल्वेकडे फेऱ्या मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. तो तिने बजावावा. सिडको, मध्य रेल्वे आणि विमानतळ चालवणारी कंपनी यांनी एकत्र बसून पहिली लोकल, शेवटची लोकल, टर्मिनलची बस आणि कामाच्या पाळ्या यांचे एकच वेळापत्रक आखावे. त्यासाठी नवा पूल लागत नाही, नवा बोगदा लागत नाही. हे काम याच वर्षी होऊ शकते.