विद्यापीठ बंद, विद्यार्थी कोठे?

वसतिगृहे चोवीस तासांत रिकामी करावीत, परीक्षांच्या नव्या तारखा यथावकाश कळविल्या जातील, अशा आशयाची चार ओळींची सूचना फलकावर लागते आणि त्या क्षणापासून विद्यापीठ स्वतःस मोकळे समजू लागते. प्राध्यापक आपापल्या घरी असतात, कचेरीला कुलूप लागते; रस्त्यावर उरतो तो परगावचा विद्यार्थी. साथ, दंगल, युद्ध, पूर, कारण कोणतेही असो, त्याने या घटकेस काय करावे हा प्रश्न २०२० पासून इतक्या वेळा उभा राहिला आहे की, त्याला अपवादात्मक म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

मिळेल त्या गाडीने घर गाठावे, ही पहिली ऊर्मी असते, आणि ती स्वाभाविक आहे. मार्च २०२० च्या अनुभवाने ती अधिकच बळावली. त्या महिन्याच्या मध्यास राज्यातील शहरांतली महाविद्यालये बंद झाली, २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वे थांबली आणि २४ तारखेच्या मध्यरात्री सारा देश टाळेबंद झाला. मधल्या आठवड्यात जे निघाले ते घरी पोहोचले. जे पुण्याच्या पेठांतील खोल्यांतून स्पर्धापरीक्षांची पुस्तके घेऊन बसून राहिले, त्यांच्या खाणावळी मिटल्या, आणि एसटीच्या गाड्यांनी त्यांना गावी नेईपर्यंत मे महिना उजाडला. तथापि यावरून ‘पहिली गाडी पकडा’ एवढाच बोध घेणे आम्हांस धोक्याचे वाटते. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले तेव्हा खोलीपेक्षा रस्ताच अधिक घातकी होता. तेथे शिकणाऱ्या महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांना राज्य शासनाने विशेष विमानाने परत आणले. कोण कोठे आहे याची यादी कोणीतरी केल्याखेरीज असे विमान कोणाला घ्यायचे हे ठरत नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पंजाब व जम्मू भागातील शिक्षणसंस्था बंद झाल्या आणि उत्तरेकडील अनेक विमानतळही मिटले. १० मे रोजी गोळीबार थांबविण्याचे ठरले. तेव्हा विद्यार्थ्याने प्रथम बंद होण्याचे कारण पाहावे आणि मगच वळकटी बांधावी. साथीत घरी जाणारा आपल्याबरोबर काय नेत आहे आणि घरात वृद्ध कोण आहेत, याचाही विचार त्यात आलाच.

निघायचे ठरले तर मूळ प्रमाणपत्रे, गुणपत्रिका व ओळखपत्र जवळ असावे, बंदची सूचना लेखी स्वरूपात घ्यावी, आणि अफवांच्या संदेशावर नव्हे तर तिच्यावर विसंबावे. हे सांगण्यासाठी अग्रलेखाची गरज नाही असे कोणी म्हणेल. परंतु आणीबाणीत नेमके हेच राहून जाते.

याहून अधिक विस्ताराने बोलावे असा विषय अभ्यासाचा आहे. २०२० च्या मे अखेरीस राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी गुणांवर उत्तीर्ण करण्याचे जाहीर केले. राज्यपालांना ते मान्य नव्हते. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याव्यात असे फर्माविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल लागला: राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. परीक्षा ऑक्टोबरमध्ये, बहुतांशी ऑनलाइन, पार पडल्या. या तीन महिन्यांत ज्यांनी राजकीय घोषणेवर विसंबून पुस्तके बांधून ठेवली, त्यांची फसगत कोणी केली? दोष घोषणा करणाऱ्यांचा होता, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. पण किंमत मोजली ती विद्यार्थ्यांनी. निकाल हाती येईपर्यंत अभ्यास चालू आहे असेच धरून चालावे, एवढा रोखठोक सल्ला आम्ही देतो.

अशा प्रसंगी न्यूटनचे उदाहरण देण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. १६६५ च्या प्लेगात केंब्रिज बंद झाले, न्यूटन वूल्सथॉर्पला गेला आणि तेथल्या एकांतात त्याने गणित व प्रकाश यांवर अद्वितीय चिंतन केले, हे खरेच आहे. मात्र वूल्सथॉर्पला त्याच्या आईचे घर व शेतीवाडी होती, आणि पदवी त्याने त्याच वर्षी मिळविलेली होती, हे सांगावयास वक्ते विसरतात. आमच्या विद्यार्थ्याला एकांत नव्हे, नेटवर्क हवे असते. २०२० मध्ये सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर, जेथे ते मिळत होते तेथे, झोपडीत बसून अभ्यास केला. तिचे कौतुक सर्वांनी केले. परंतु मुलीला डोंगर चढावा लागला ही आपल्या व्यवस्थेची नामुष्की होती, असे त्या कौतुकात फारच थोड्यांनी म्हटले. ज्याच्या घरी एकच मोबाइल आणि तोही दिवसभर वडिलांच्या खिशात, त्याने वर्गमित्रांशी गट बांधून टिपणे मिळवावीत, प्राध्यापकांना अडचण लेखी कळवावी आणि तसे कळविण्यात संकोच मानू नये.

आता विद्यापीठांविषयी. विद्यार्थी सज्ञान असतो, म्हणून त्याच्या निवाऱ्याशी आपला संबंध नाही, ही भूमिका आम्हांस मान्य नाही. शुल्क घेताना पालकत्व सांगावयाचे आणि संकट येताच दार लावून घ्यावयाचे, हे चालणार नाही. ज्यांना घर नाही, ज्यांच्या घरी जाण्याचा मार्ग बंद आहे, ज्या मुलींना अपरात्री एकटीने गाडी पकडणे शक्य नाही, अशांसाठी प्रत्येक वसतिगृहाचा निदान एक मजला व खाणावळीची एक चूल चालू ठेवण्याचा नियम कुलगुरूंनी आजच, शांततेच्या काळात, लिहून ठेवावा. आणि पुढल्या खेपेस फलकावर सूचना लावाल तेव्हा तिच्याखाली, रात्री अकरा वाजता फोन उचलील अशा एका अधिकाऱ्याचे नाव व क्रमांकही छापावा.