फालतू मताचा हक्क

डोंबिवलीहून सुटलेली फास्ट लोकल सीएसएमटीला पोहोचेपर्यंत डब्यात तीन सरकारं पडतात, चार अँकरांच्या नोकऱ्या जातात आणि एखाद्या हिरोचं करिअर घाटकोपरलाच संपतं. पुरावा कुणी मागत नाही. तेच मत फेसबुकवर टाकलं की मात्र लोकांना पोलीस स्टेशन आठवतं.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका मुलीने बंदवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केल्या. दोघींना अटक, वर काकांच्या दवाखान्याची तोडफोड. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. पुढे २४ मार्च २०१५ला सुप्रीम कोर्टाने कलम ६६अ रद्द केलं.

मे २०२२. १३ तारखेला 'धर्मवीर' थिएटरात आला, १४ला ठाणे पोलिसांनी केतकी चितळेला उचललं. शरद पवारांवर दुसऱ्याने लिहिलेली पोस्ट तिने शेअर केली होती. एका नेत्याची आरती पडद्यावर, दुसऱ्याची टिंगल कोठडीत. सुटायला महिन्याहून जास्त लागला. सरकार महाविकास आघाडीचं.

मार्च २०२५. कुणाल कामराच्या गाण्यात ठाण्याची रिक्षा आली आणि शिंदेंच्या शिवसैनिकांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी तिथे महापालिकेचा हातोडा पोहोचला. तारीख २४ मार्च, त्या निकालाला बरोबर १० वर्षं. सरकार महायुतीचं.

म्हणजे यात कुठलाच पक्ष सोवळा नाही. आणि आपण? कामराचं रील फिरवणारे कितीतरी जण केतकीच्या वेळी 'कशाला असं बोलायचं?' म्हणत होते. केतकीसाठी गळा काढणाऱ्यांना कामराच्या वेळी 'मर्यादा' आठवली.

ती पोस्ट घाणेरडी होती, मान्य. माणसाच्या आजारपणावर घसरणं हलकटपणाच. पण अभिरुची नसणं गुन्हा असता, तर रात्री नऊचे निम्मे अँकर तळोज्यात असते. घाणेरड्या पोस्टला उत्तर द्या, अनफॉलो करा, हसा.

'विचार करून बोला' हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो. पण तोलून-मापून बोलणं वकील दिमतीला असणाऱ्यांना परवडतं. कल्याणच्या चाळीतला पोरगा मनात येईल तसंच लिहिणार. त्याचं मत कच्चं असेल, चुकीचंही असेल. ते सुधारायचं तर आधी बोलू द्यावं लागेल.

आता एक करा. तुमच्या लाडक्या नेत्यावरचा, तुम्हाला खरोखर झोंबलेला एक जोक आठवा. तो करणाऱ्याला उद्या अटक झाली, तर त्याच्या बाजूने स्टेटस टाकाल? हात थबकला असेल, तर तुमचं स्वातंत्र्यावरचं प्रेम पक्षाच्या झेंड्यापुरतंच आहे.