या चैत्रात वर्षाचा गहू भरा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत चैत्र-वैशाखात गव्हाची पोती यायची. दाना ओलीत, दाल बाजाराच्या मागे, चिटणीस की गोठमध्ये, जिथे म्हणून गच्ची होती तिथे गहू वाळत पडलेला असायचा. आता महिन्यातून दोनदा दहा किलोची पिठाची पिशवी येते आणि कोठी माळ्यावर पडून आहे, नाहीतर भंगारात गेली. माझं सांगणं एवढंच, की कोठी असेल तर खाली काढा, नसेल तर नवी आणा. जुन्या दिवसांची हौस म्हणून हे म्हणत नाही. डबरा, भितरवारकडच्या शेतकऱ्यापुढे आज ज्या अडचणी आहेत, त्यांतल्या बऱ्याच आपल्या हातातल्या नाहीत. खताचं जहाज आपण आणू शकत नाही, मार्चमधलं ऊन आपण कमी करू शकत नाही. पण माल कुणाकडून, कधी आणि कसा दिसणारा घ्यायचा, हे मात्र आपणच ठरवतो.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब बघा. ऑक्टोबरात मोहरीची पेरणी आली की डीएपीसाठी सोसायटीच्या दारात पहाटेपासून रांगा लागतात, कारण आपल्या देशातलं डीएपी बरंचसं बाहेरून येतं. 50 किलोची गोणी सरकारी दराने 1350 रुपयांना. पण पेरणीचा वाफसा निघून चालला असेल तर माणूस मिळेल त्या दराने उचलतो. पुढे डिझेल, पाणी, हार्वेस्टरचं भाडं. एप्रिलमध्ये सगळ्यांचा गहू एकदमच मंडीत येतो आणि तेव्हाच सोसायटीचे हप्ते, व्यापाऱ्याची उधारी दारात उभी राहते. अडला हरी म्हणतात तो हाच. 2025 च्या हंगामात गव्हाचा हमीभाव 2425 रुपये होता, त्यावर मध्य प्रदेश सरकारने 175 रुपये बोनस दिला, म्हणजे क्विंटलला 2600. केंद्रावर नंबर लागला, माल पास झाला, तर हे पैसे मिळतात, तेही काही दिवसांनी. तुम्ही खळ्यावरच यंदाचा हमीभाव आणि बोनस धरून होणारी रक्कम रोख मोजलीत, तर ना त्याचं नुकसान ना तुमचं. घरी पिठाच्या पिशवीवरचा भाव वाचा आणि गिरणीची दळणावळ धरून हिशेब करा.

भात आणि पोळी दोन्ही खाणाऱ्या चार माणसांच्या घराला वर्षाला अडीच क्विंटल गहू पुरतो. फ्लॅटमध्ये जागा नाही ही अडचण खरी आहे. मग सहा महिन्यांचा भरा, किंवा चार घरांनी मिळून एका शेतकऱ्याकडून दहा क्विंटल घ्या. एका ट्रॉलीत येतो.

आता गहू कसा दिसतो त्याबद्दल. आपल्याला पिवळाधमक, टपोरा, एकसारखा दाणा लागतो. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत गरम मार्च ठरला. दाणा दुधात असतानाच उन्हाने आटला. पीक घटलं, आणि 13 मेला सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. पुढच्या वर्षी मार्चमध्येच अवकाळी पाऊस आणि गारा आल्या, गव्हाची चमक गेली आणि खरेदीचे नियम सैल करावे लागले. असे मार्च आता वरचेवर येणार, हे धरूनच चालायला हवं. तेव्हा किंचित बारीक किंवा फिका गहू दिसला म्हणून पन्नास रुपये पाडून मागू नका. बारीक दाण्यात कोंड्याचं प्रमाण जरा जास्त, इतकाच फरक. तो पोटात गेला तर बरंच. ओला, काळ्या टोकाचा किंवा कुबट वासाचा गहू मात्र सरळ परत करा, तिथे भीड नको.

एकाच जातीचा गहू घेऊ नका, हेही सांगून ठेवतो. पोळीसाठी शरबती किंवा लोकवन घ्या, पण त्यासोबत वीसेक किलो कठिया मागा. आपल्याकडे ज्याला बन्सी किंवा बक्षी म्हणतात त्याच कुळीतला हा गहू. रवा, लापशी, शेवया यांना याच्यासारखा दुसरा नाही. जुना कठिया एक-दोन पाण्यांवर येतो. भरघोस उताऱ्याच्या जातींना चार-पाच पाणी लागतात. हरसी धरणाच्या कालव्याखाली भात वाढत गेला, भातानंतर पुन्हा गहू, आणि जिथे कालवा नाही तिथे बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल जातो आहे. गिऱ्हाईकच नसेल तर कमी पाण्याचा गहू कुणी का पेरावा? मोहरीचंही तेच. तिचं भागतं एक-दोन पाण्यांवर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो आणि मुरैना-भिंडची मोहरी तर आपल्या उंबऱ्याशी आहे. लोणच्यापुरतं तरी मोहरीचं तेल सगळीच घरं घेतात. भाजीलाही चालवून बघा. दाण्याच्या कुटाशिवाय आपलं पान हलत नाही, तर शेंगदाणा शिवपुरी-करैराकडचा मागा, शक्यतो शेंगांसकट. सोललेल्या दाण्यांपेक्षा शेंगा जास्त टिकतात. बुरशी आलेला किंवा कडवट दाणा मात्र एकही ठेवू नका.

मुगाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. गहू निघाला की नर्मदापुरम, हरदा भागात साठ-पासष्ट दिवसांचा उन्हाळी मूग घेतात. पाऊस तोंडावर असतो, शेंगा एकदम वाळत नाहीत, आणि हिरव्या पिकात हार्वेस्टर चालत नाही. म्हणून उभ्या पिकावर तणनाशक मारून ते वाळवायचं, अशी पद्धत पडली आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने याच कारणाने मूग खरेदीला आधी नकार दिला आणि शेतकरी पेटून उठल्यावर होकार दिला. मला दोघांचंही म्हणणं समजतं. ज्याच्या डोक्यावर ढग आहे त्याला प्रवचन देऊन काय होणार? पण मुगाचं वरण आपण आजाऱ्याला, तान्ह्याला देतो. दाणा बघून फवारणी ओळखू येत नाही, तेव्हा दुकानदाराला विचारा: मूग उन्हाळी की खरिपाचा? खरिपाचा मूग साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, जरा मळकट दिसतो. वर्षाचा मूग तेव्हा भरा.

नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेलं काड, जाळतो का हेही शेतकऱ्याला विचारा, पण आरोपीला विचारावं तसं नको. हार्वेस्टर वरून कापतो, खाली हातभर काड उभं राहतं आणि कापणीला मजूर मिळत नाहीत. मग काडी लावतात. राज्यात यावर दंड आहे; 1 मे 2025 पासून जाळणाऱ्याला किसान कल्याण योजनेचा पैसा आणि हमीभावाची खरेदी दोन्ही बंद करण्याचा निर्णय झाला. निव्वळ धाकाने हे सुटेल असं मला वाटत नाही. भुशाचं मशीन फिरवायला खर्च येतो. ज्याने ते फिरवून भुसा केला त्याला क्विंटलमागे शंभर रुपये जास्त द्या, आणि कशाबद्दल देतो ते स्पष्ट सांगा. पुढच्या वर्षी शेजारचा विचारायला येईल.

गहू घरी आल्यावर तीन-चार कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली घ्या: कट्‌कन तुटला तर वाळला, चेपला तर अजून ओल आहे. ऊन दिलेला गहू सावलीत निववून मगच कोठीत ओता, गरम भरलात तर झाकणाला घाम सुटतो आणि सोंडे लागतात. कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवून थराथरात घाला. तूरडाळीला, मुगाला तळहातावर एरंडेल घेऊन चोळा, किलोला चमचाभर पुष्कळ. कोठी जमिनीवर टेकवू नका, खाली फळी ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं दूर.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. सल्फासची गोळी घरात आणू नका. दुकानदार म्हणेल, कापडात बांधून टाका, काही होत नाही. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, आणि त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. उत्तर भारतात अशी बातमी अधूनमधून येतच असते आणि तिच्यात बहुतेकदा लहान मुलं असतात. ती गोळी गोदामासाठी आहे, तीही शिकलेल्या माणसाच्या हातची. सोंडे झालेच तर गहू पुन्हा उन्हात घाला, चाळा, लवकर दळून संपवा.

शेतकरी शोधायचा कुठे? दूधवाला, घरी कामाला येणाऱ्या बाई, ऑफिसातला शिपाई, यांतल्या कुणाचं तरी गाव डबऱ्याकडे किंवा घाटीगावकडे असतं. नाहीच कुणी भेटलं तर लक्ष्मीगंजच्या मंडीत सकाळी जाऊन उभे राहा. वजन धर्मकाट्यावर करा, पैसे तिथल्या तिथे चुकते करा, उधारी मागू नका. हे बोलणं होळीच्या आधीच करून घ्या. एकदा हार्वेस्टर शेतात उतरला की शेतकऱ्याला फोन घ्यायलाही सवड नसते, आणि माल तोवर व्यापाऱ्याला बोललेला असतो.