चुलीचा धूर जातो कुठे?

चाकणजवळच्या एका गावातील पन्नाशीच्या बाई दर हिवाळ्यात खोकला घेऊन दवाखान्यात येत. विडीला त्यांनी कधी हात लावलेला नाही. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग आढळला नाही. मात्र स्पायरोमेट्रीच्या चाचणीत श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे दिसले. मुलगा कारखान्यात नोकरीला, घरात गॅस. तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. चुलीविषयी विचारताच त्या म्हणाल्या, “पण डॉक्टर, आमची चूल निर्धूर आहे.”

ती चूल निर्धूर कशी केली होती? जुन्या दगडी चुलीला मागून भोक पाडून पत्र्याचे धुराडे बसवले होते. परंतु ते छपराखालीच संपत होते. चुलीचे तोंड पूर्वीइतकेच रुंद होते, वैलावर भांडे नसले तरी तो उघडाच राही आणि धुराड्यातील काजळी वर्षभर कोणी काढली नव्हती. धूर चुलीतून निघून आढ्याशी साचत होता, एवढेच.

धुराड्यातला गरम धूर वर चढतो आणि आपल्यामागे हवा ओढून घेतो. हा ओढा टिकला तरच धूर बाहेर जातो. तोंडातून किंवा उघड्या वैलातून जास्त थंड हवा शिरली, अथवा काजळीने नळी अरुंद झाली, की ओढा मंदावतो आणि धूर खोलीत परततो.

देशात १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. पुढे ओडिशात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाल्याचे दिसले. नंतर तो लाभ उरला नाही, कारण चुलींची निगा राखली गेली नाही.

म्हणून जुनी चूल बदलताना एवढे पाहावे. धुराडे छपराच्या वर दोन-तीन फूट जावे, त्यावर पावसासाठी टोपी असावी आणि ते लाकडी वाशांना टेकू नये. वीट-मातीने चुलीचे तोंड लहान करावे. रिकामा वैल झाकावा. काजळी महिन्यातून एकदा, चूल गार असताना, नाकातोंडाला फडके बांधून काढावी.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक धोका आहे: कारखान्यांतून स्वस्तात मिळणारे पॅकिंगचे लाकूड. प्लायवूडमधील डिंक, रंग आणि मुरलेले तेल जळाले की धूर अधिक विषारी होतो. पॅलेटवर ‘एमबी’ ही इंग्रजी अक्षरे उमटवलेली असतील, तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड सरपणात घेऊ नये. वाळलेले, साधे लाकूडच वापरावे.

गॅस परवडत असेल तर तोच उत्तम. नसेल, तर निदान लहान मूल आणि गरोदर स्त्रीने चुलीपाशी बसू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास तपासणी करून घ्यावी.

त्या बाईंचे धुराडे आता छपराबाहेर गेले आहे. अरुंद झालेल्या श्वासनलिका पूर्ववत होणार नाहीत. परंतु त्यांच्या मांडीवर बसणाऱ्या नातवाची छाती अजून स्वच्छ आहे. आज आपल्या स्वयंपाकघराच्या आढ्याकडे एकदा पाहा. तिथे ताजी काजळी दिसली, तर तोच धूर घरातल्यांच्या छातीतही जात आहे.